अडसर

पंख म्हणू नका त्याला. पंख उचलतो.
हा नुसता शेपटीशी उभा राहून
रॉकेटला सांगत असतो, तोंड कुठं आणि बूड कुठं.
मी त्याला पर म्हणते. माशाला असतो तो.

दिवसा मी लोकांच्या दाढांच्या टोप्या घडवते,
विनेमक्कात, पोस्टामागच्या गल्लीत.
केसाएवढी उंची जास्त झाली
तर माणूस आठवडाभर चावताना मला शिव्या देतो.
म्हणून वाटायचं, जाडी मला कळते.

गेल्या जूनमध्ये दोन मिलिमीटर धरली.
कार्बनच्या कापडाचे तीन पर, लांबट, देखणे,
टोकाशी इतके पातळ की ओरिन स्टॅडलर म्हणाला,
‘यानं चीज कापता येईल.’
तीस वर्षं सोन्याच्या खाणीत विजेच्या तारा ओढलेला माणूस.
कौतुक नव्हतं ते. मला कौतुक वाटलं.

कोरड्या तळ्याची भेगाळ पांढरी जमीन,
आम्ही अकरा जण, टोप्या घट्ट धरून.
दोन सेकंद सगळं सरळ.
मग वर कुठंतरी चादर टरकावी तसा आवाज,
आणि धुराच्या रेघेला गाठ पडली.
कुणी काही बोललं नाही.
ओरिननं थर्मासचं झाकण लावलं.

ध्वनीच्या दीडपट वेगाला असं होतं:
पर जरासा वाकतो, हवा त्याला ढकलते,
तो परततो तो थोडा पलीकडे,
हवा आणखी हात देते,
प्रत्येक हेलकाव्यात नवं उसनं,
आणि डोळा लवायच्या आत
सगळी वसुली एकदम.
पुस्तकात याला मोठं समीकरण आहे.
शब्द साधा आहे. फडफड.

नळी सापडली, चिंबलेली. दोन पर सापडले.
तिसऱ्यासाठी तीन रविवार चाललो.

हिवाळाभर गॅरेजमध्ये हीटर आणि आकडे.
जाडी दुप्पट, तर तग पावणेतीन पट.
पण जाड पर हवेत रुततो, उंची खातो.
मग बाहेर कमी डोकावणारा केला,
मुळाशी रुंद, टोकाकडे छाटलेला,
एवढा बुटका की ओरिन हसला, आणि या वेळी
मला कळलं तो का हसला.
एका पराच्या टोकापासून, नळीवरून,
दुसऱ्याच्या टोकापर्यंत सलग कापड चढवलं.
रेझिन ओलं असताना एकेक बुडबुडा
दातांच्या कोरणीनं टोचून काढला.
पहाटे तीनला हातांना येणारा वास
दुपारी दाढांनाही येत असणार.

मार्चमध्ये फोन आला. माइते इर्रिबारेन,
तळ्याच्या उत्तरेला मेंढ्या आहेत त्यांच्या.
‘तुझा नंबर लिहिलेली काळी पट्टी आहे इथं.’
नऊ महिन्यांनी?
‘नंबर आतल्या बाजूला होता. काल दार धुतलं.’

गेले. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार,
दोन लोखंडी कड्या, आणि त्यांत आडवा
माझा तिसरा पर.
मुळाशी केसासारखी एक चीर, बाकी धड.
कड्याकडून वारा आला, पत्रा वाजला,
आत कोंबड्या फडफडल्या.
पर हलला नाही.
मी बराच वेळ बघत उभी राहिले.
माइतेला वाटलं, मी कोंबड्या मोजतेय.

मागितला, तर म्हणाली, ‘मग दाराला काय लावू?
कोल्हे आहेत इकडं.’
गाडीत नव्या साच्यातला एक पर होता,
कड जरा वाकडी गेली म्हणून टाकून दिलेला.
तिनं तो हातावर तोलला, बोटानं टकटक केलं,
कडीत घालून पाहिला, दाबून पाहिला,
तळव्यानं दोनदा ठोकला.

‘नाही बसत,’ म्हणाली. ‘जाड आहे.’

परतीच्या वाटेवर तो बाजूच्या सीटवर होता,
आणि त्रेपन्न मैल
माझं तोंड उघडं, बहुधा गात.